लाकडी कॅमेरा पुन्हा कामाला लावताना

ज्या गावात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा फोटो स्टुडिओ अजून उभा आहे, तिथल्या माळ्यावर एखादा लाकडी कॅमेरा असण्याची शक्यता बरीच असते. सागाची किंवा महॉगनीची चौकट, पितळी कोपरे, मधे कातडी किंवा मेणकापडाचा भाता, मागे दुधी काच. गावातल्या लग्नांनंतरचे जोडीचे फोटो, मॅट्रिक झालेल्या मुलांचे फोटो, भिंतीवर हार घालून लावलेले आजोबांचे फोटो यातूनच निघालेले असतात. पुढे रोलफिल्म आणि पस्तीस मिलिमीटरचे कॅमेरे स्टुडिओत शिरले, मग रंगीत फिल्म आली, शेवटी डिजिटल, आणि हा कॅमेरा माळ्यावर गेला तो गेलाच. मालकाला तो टाकवत नाही आणि वापरायचा कसा हेही आता घरात कुणाला ठाऊक नसतं. हे पुस्तक अशा कॅमेऱ्यांसाठी आहे: ते कसे शोधावेत, हाती आल्यावर काय तपासावं, आणि आज मिळणाऱ्या सामानावर त्यांच्याकडून पुन्हा काम कसं घ्यावं.

माझं म्हणणं अगदी थोडक्यात सांगता येतं. हा कॅमेरा दिवाणखान्यात मांडून ठेवायची वस्तू नाही. सुताराला, लेथवाल्याला, चामड्याचं काम करणाऱ्याला दुरुस्त करता यावा अशाच रीतीने तो बनवलेला आहे. त्यातलं जवळपास सगळं बदलता येतं. फक्त एक अंतर बदलून चालत नाही. ते कोणतं, हे पुढे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक नवशिक्यांची निराशा तिथेच सुरू होते.

आधी यंत्र समजून घेऊ. लार्ज फॉरमॅट म्हणजे रोलमधली फिल्म नव्हे, तर एकेक सुटा तुकडा, ४ बाय ५ इंच किंवा त्याहून मोठा. आपल्याकडच्या स्टुडिओंत चलती होती ती हाफ प्लेटची: पावणेपाच बाय साडेसहा इंच. फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ. हाफ प्लेटचं क्षेत्रफळ पस्तीस मिलिमीटरच्या फ्रेमच्या जवळजवळ तेवीसपट भरतं. म्हणून तर रिटचिंगवाले कारागीर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पुसू शकत. एवढ्या मोठ्या निगेटिव्हला एनलार्जर लागत नाही. कागदावर निगेटिव्ह ठेवायची, वर काच दाबायची, उजेड द्यायचा, प्रिंट तयार. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली सायनोटाइपची निळी पद्धत वापरली तर डार्करूमसुद्धा नको, गच्चीवरचं ऊन पुरतं.

रचना साधी आहे. पाटावर दोन चौकटी उभ्या. पुढच्या चौकटीत लेन्स, मागच्या चौकटीत दुधी काच, मधे भाता. काळ्या कापडात डोकं घालून काचेवर उलटी पडलेली प्रतिमा पाहायची, स्पष्ट करायची, मग काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा. दोन्ही चौकटी एकमेकींपासून स्वतंत्र हलतात, आणि या कॅमेऱ्याची खरी ताकद तिथे आहे. जेजुरीची दीपमाळ समोरून टिपायची आहे असं समजा. साधा कॅमेरा वर कलता केला की दीपमाळ वरच्या टोकाला चिमटल्यासारखी येते आणि मागे पडत असल्याचा भास होतो. लाकडी कॅमेऱ्यात मागची चौकट ओळंब्यात ठेवायची आणि लेन्स तेवढी वर सरकवायची. दीपमाळ पायथ्यापासून टोकापर्यंत सरळ उभी राहते. लेन्सची पाटी पुढे झुकवली तर पायाजवळची फरशी आणि दूरचा कळस एकाच वेळी स्पष्ट येऊ शकतात. यामागचा भूमितीचा नियम ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइमप्फ्लुगच्या नावाने ओळखला जातो. पण त्याचं नाव कानावर पडण्याच्या कितीतरी आधीपासून स्टुडिओवाले मंडळी काचेवर बघत बघत हेच करत होती.

आपल्याकडे हे यंत्र फार लवकर पोचलं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या सुरुवातीच्या सक्रिय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. ते स्वतः उत्तम छायाचित्रं काढत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले छायाचित्रकार झाले. त्या काळात काचेवर कलोडियन ओतून, ती ओली असतानाच फोटो काढून लगेच, बाहेरगावी अंधाऱ्या तंबूतच, धुवावी लागे. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची वाट दाखवली आणि कॅमेरा तंबूतून सुटला. आज सापडणारे जुने इंग्लिश कॅमेरे बहुतेक या कोरड्या प्लेटच्या काळातले: सँडरसन, थॉर्न्टन-पिकर्ड, लँकेस्टर, वॉटसन. त्यांतले काही खास उष्ण प्रदेशासाठी बनवलेले असत. सागाचं लाकूड, सांध्यांवर पितळी पट्ट्या, कारण आपल्या पावसाळ्यात नुसत्या सरसावर जोडलेला सांधा टिकत नाही. पितळेच्या पट्ट्या आणि जागोजागी स्क्रू दिसले तर तो कॅमेरा भारतासारख्या देशासाठीच घडवलेला असण्याची शक्यता धरावी.

पण मला स्वतःला सर्वांत जवळचा वाटतो तो केरळातल्या आलप्पुळ्यात बनलेला वागीश्वरी. वाद्यं बनवणाऱ्या घरात एका फोटोग्राफरने फाटलेला भाता दुरुस्तीला आणला. हार्मोनियमचा भाता जमतो तर हाही जमेल, हा त्यामागचा हिशेब. त्या कामातून कॅमेऱ्याची ओळख झाली, आणि के. करुणाकरन यांनी १९४०च्या दशकात स्वतःचा फील्ड कॅमेरा उभा केला. सरस्वतीच्या नावाचा हा कॅमेरा पुढची काही दशकं देशभरच्या स्टुडिओंत गेला. इंग्लिश कॅमेऱ्याइतकं पॉलिश त्यावर नसतं, पण चौकटी भक्कम असतात आणि सुटे भाग आपल्याकडच्याच हत्यारांनी घडवलेले असतात. वापरण्यासाठी कॅमेरा हवा असेल तर मी तरी दिखाऊ इंग्लिश कॅमेऱ्याआधी वागीश्वरी शोधीन.

शोधायचा कुठे? मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट सगळ्यांना माहीत आहे. तिथे चांगली वस्तू अजून निघते, पण तिथे येणाऱ्या लाकडी कॅमेऱ्यांत आता शोभेसाठी नव्याने बनवलेले बरेच असतात. ओळखायला सोपे आहेत. भाता पूर्ण उघडत नाही, मागे होल्डर सरकवायला खाच नसते, फोकसचा दातेरी पट्टा दोन बोटं फिरून अडतो, आणि लेन्सच्या जागी भिंगाचा एक साधा तुकडा बसवलेला असतो. पितळ मात्र डोळे दिपतील इतकं चकचकीत. जुन्या पितळावर मूळचं लाखेचं आवरण असतं, ते काळवंडतं. ज्याने ते घासून चकचकीत केलं त्याने कॅमेऱ्याचं नुकसानच केलं आहे, हेही लक्षात ठेवावं.

खरा शोध जुन्या स्टुडिओंत. तिथे जाताना गिऱ्हाईक म्हणून जाऊ नये. मालकाचे वडील किंवा आजोबा त्या कॅमेऱ्यावर जगले, घर चालवलं. त्यांच्या कामाविषयी आधी विचारावं, फोटो बघावेत. काका, हा कॅमेरा तुम्ही स्वतः वापरलात का, एवढं विचारलं की बहुतेक ठिकाणी अर्धा तास सहज जातो. त्या अर्ध्या तासात जे कळतं ते पैशाने मिळत नाही: कोणती लेन्स कोणत्या कामाला वापरत, डेव्हलपर कसा कालवत, उन्हाळ्यात हायपो थंड कसा ठेवत. आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. माळ्यावर काचेच्या निगेटिव्ह असतील तर त्यांच्याबद्दल आवर्जून विचारा. अनेक स्टुडिओंनी वरचा थर खरवडून त्या काचा विकल्या. फोटो फ्रेमला त्या चालत. गावाचा पन्नास वर्षांचा चेहरा असा निघून गेला आहे. कॅमेरा तुम्ही न्या, पण निगेटिव्ह त्या घरात किंवा गावच्या वाचनालयात नीट ठेवल्या जातील एवढं पाहूनच न्या.

आता हातात घेऊन पाहायचं. सर्वांत आधी होल्डर मागा. नवशिके लोक लेन्सकडे बघतात, जाणता माणूस विचारतो, प्लेटचे होल्डर कुठे आहेत? इंग्लिश हाफ प्लेट कॅमेऱ्यांचे होल्डर एका मापाचे नसत. प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर बहुधा तीन दुहेरी होल्डर येत, पुस्तकासारखे उघडणारे, आणि त्यांच्यावर १ ते ६ असे आकडे कोरलेले असत. ते त्याच कॅमेऱ्याच्या खाचेत घासून बसवलेले. कुलूप मिळालं आणि किल्ली हरवली तर जे होतं तेच इथे होतं. होल्डर मूळचे असतील तर तुमचं अर्धं काम झालं. नसतील तर मागची चौकट नव्याने करावी लागेल, आणि ते धरूनच किंमत सांगावी.

मग लाकूड. बारीक भोकं आणि त्यांखाली पिवळट भुकटी म्हणजे भुंगा आत आहे. वाळवी लागलेली बाजू बोटाने दाबली की कळते. चौकट वाकली आहे का, हे काच बसवून चारही कोपऱ्यांत पाहावं. भात्याची परीक्षा अंधाऱ्या खोलीत: आत छोटा टॉर्च ठेवून भाता पूर्ण ताणायचा आणि घड्यांचे कोपरे निरखायचे. सुईच्या टोकाएवढा उजेडही फिल्मवर धुरकट डाग पाडतो. कोपऱ्यांतली भोकं पातळ काळं कापड आणि लवचिक गोंद यांनी बुजतात. भाता पार गेला असेल तर नवा करता येतो: आतून काळं कापड, बाहेरून पातळ चामडं किंवा रेक्झिन, मधे जाड कागदाच्या पट्ट्या. नमुना कसा आखायचा, हे पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात आकृतीसह आहे. घाई करणाऱ्याने हे काम हाती घेऊ नये.

लेन्सबद्दल लिहायचं तर स्वतंत्र पुस्तक होईल. थोडंच सांगतो. १८६६ च्या सुमाराला आलेली रॅपिड रेक्टिलिनियर जातीची लेन्स जुन्या कॅमेऱ्यांवर सर्वांत जास्त दिसते; एफ/८ ला सुरू होते, मधोमध धारदार, कडांना मऊ. १९०२ चा टेसार आणि त्याच्या धर्तीवरच्या लेन्स त्याहून सरस. हाफ प्लेटचा कर्ण जवळजवळ २०५ मिलिमीटर, म्हणून आठ इंचांच्या म्हणजे साधारण २१० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स नेहमीच्या कामाला योग्य. जुन्या काही लेन्सवर आकड्यांची वेगळी पद्धत असते: तिथे ४ म्हणजे आपला एफ/८, ८ म्हणजे एफ/११, आणि १६ तेवढा दोन्हीकडे सारखा. हे माहीत नसेल तर एक्सपोजर चुकत राहतं आणि बिचाऱ्या लेन्सला दोष लागतो.

लेन्सचं एक फार मोठं भांडार आपल्याकडे होतं, आणि ते भंगारात गेलं. ऑफसेट छपाईच्या प्रेसमध्ये खोलीएवढे प्रोसेस कॅमेरे असत. संगणकावरून थेट फिल्म आणि मग थेट प्लेट निघू लागली तशी ती यंत्रं विकली गेली. त्यांच्या लेन्स, म्हणजे अपो-रोनार, रेप्रो-क्लारोन किंवा अपो-निक्कोर यांसारख्या, बहुधा एफ/९ च्या, सपाट आणि अतिशय काटेकोर असतात. त्या जवळच्या अंतरासाठी घडवलेल्या आहेत, पण एफ/२२ ला दूरच्या देखाव्यावरही उत्तम चालतात. पुण्या-मुंबईच्या जुन्या प्रेसवाल्यांकडे अजून चौकशी करायला हरकत नाही. शटर त्यांना नसतं. जुन्या काळी तरी कुठे होतं? टोपी काढायची, मोजायचं, टोपी लावायची. अशा लेन्सची कडी, म्हणजे ज्या चुडीत ती पाटीवर बसते ती, बऱ्याचदा हरवलेली असते; ओळखीचा लेथवाला आटे मोजून ती करून देतो. पाटी चार मिलिमीटरच्या प्लायवूडची पुरते, फक्त आतल्या बाजूला मंद काळा रंग हवा. चकचकीत काळा उजेड परत फेकतो.

आता त्या अंतराकडे येऊ. दुधी काचेवर जिथे प्रतिमा स्पष्ट दिसली, नेमक्या त्याच पातळीवर होल्डरमधली फिल्म यायला हवी. मूळ कॅमेऱ्यात काचेच्या प्लेटसाठी हे जमवलेलं होतं. आता काचेच्या जागी पातळ फिल्म आली, पत्र्याच्या म्यानात बसली, किंवा मूळ दुधी काच फुटून कुणी जाड काच लावली, की पातळी सरकते. एफ/२२ ला एक मिलिमीटरची चूक लपते. एफ/५.६ ला माणसाचा चेहरा टिपताना अर्धा मिलिमीटरही भोवतो: डोळ्यांवर फोकस केलेलं असतं आणि कान स्पष्ट येतात. कित्येक चांगल्या लेन्स याच कारणाने वाईट ठरवून विकल्या गेल्या आहेत.

मूळ होल्डर नसतील तेव्हा ४ बाय ५ चा बॅक, म्हणजे होल्डर घेणारी मागची चौकट, नव्याने करणं हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. ४ बाय ५ चे होल्डर जगभर एका मापाचे असतात, रुंदी साधारण पावणेपाच इंच, त्यामुळे हाफ प्लेटच्या चौकटीत ते बसवता येतात. त्यांच्यात फिल्म टेकते ती पातळी होल्डरच्या तोंडापासून ०.१९७ इंच खोल, म्हणजे ५ मिलिमीटर. फिल्मची जाडी वजा केली की दुधी काचेची घासलेली बाजू ४.८ मिलिमीटरवर बसायला हवी, आणि ती बाजू लेन्सकडे. व्हर्नियरच्या मागच्या दांडीने हे मोजता येतं. कमी-जास्त असेल तर पोस्टकार्डाच्या पट्ट्या लावून जमवावं. काच स्वतः घासता येते. दोन मिलिमीटरची साधी काच, कार्बोरंडम पावडर, पाणी आणि दुसऱ्या काचेचा छोटा तुकडा घ्यायचा, गोल गोल घासत राहायचं. तासाभरात बाजारच्या काचेहून उजळ काच तयार होते.

फिल्म अजून बनते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. इंग्लंडची इल्फोर्ड, अमेरिकेची कोडॅक आणि चेक देशातली फोमा ४ बाय ५ ची फिल्म काढतात, आणि विरळ मापांसाठी इल्फोर्ड वर्षातून एकदा आगाऊ मागण्या घेते. उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स चालू असती तर हे परिच्छेद वेगळे लिहिले असते. ती बंद पडली याचं दुःख आहे. आयात फिल्म महाग पडते, म्हणून शिकताना एक्स-रे फिल्म घ्यावी. ८ बाय १० इंचाच्या एका तुकड्यातून हाफ प्लेटचे दोन निघतात. हिरव्या रंगाला संवेदनशील असलेली ही फिल्म लाल दिव्याखाली कापता आणि धुता येते, म्हणजे निगेटिव्ह उमलताना डोळ्यांनी दिसते. दोन्ही बाजूंना लेप असल्यामुळे ट्रेच्या तळाशी काच ठेवावी, नाहीतर ओरखडे येतात. लाल रंग तिला दिसत नाही. कुंकू काळंभोर येतं, कौलं जवळजवळ काळी, उन्हात रापलेला चेहरा आहे त्याहून गडद आणि प्रत्येक सुरकुती कोरल्यासारखी. शेतकऱ्याच्या चेहऱ्यासाठी याहून चांगली फिल्म मला माहीत नाही. नव्या नवरीचा फोटो मात्र हिच्यावर काढू नये.

त्याहून स्वस्त म्हणजे फोटोपेपरच होल्डरमध्ये घालणं. तो फार मंद, आयएसओ ६ च्या आसपास धरावा. भर उन्हात एफ/४५ ला सव्वा सेकंद. म्हणजे टोपीचं शटर अगदी बरोबर बसतं.

बदल करताना एक पथ्य पाळा. मूळ लाकडाला करवत लावू नका, मूळ स्क्रूची भोकं मोठी करू नका. नवा बॅक जुन्या बॅकच्या जागी, जुन्याच खटक्यांवर बसवा आणि जुना बॅक कापडात गुंडाळून सांभाळा. तुम्ही केलेलं काम पुढच्या माणसाला दहा मिनिटांत काढता आलं पाहिजे. तुम्ही काय बदललं, काचेखाली किती पट्ट्या लावल्या, हे कागदावर लिहून पेटीत ठेवा. स्टुडिओचं आणि गावाचं नावही त्यावर असू द्या.

पुस्तकाची प्रकरणं याच क्रमाने आहेत. रंगीत फिल्म यात नाही, कारण घरी ती धुणं हा वेगळा विषय आहे. डिजिटल बॅकही नाहीत. ज्यांना ते हवेत त्यांना हा कॅमेरा शोधायची गरज नाही. लेन्सवरची बुरशी काढण्याचं प्रकरण मुद्दाम मोठं केलं आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्याकडे जेवढ्या लेन्स जातात तेवढ्या पडून-आपटून जात नाहीत.

कॅमेरा जुळून तयार झाला की पहिली फिल्म माणसावर खर्च करू नका. टेबलावर वर्तमानपत्र तिरकं उभं करा, मधल्या एका ओळीखाली लाल रेघ मारा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून भिंगाने त्या ओळीवर फोकस करा आणि फोटो घ्या. धुतलेल्या निगेटिव्हमध्ये तीच ओळ सर्वांत स्पष्ट असेल तर अंतर जमलं. कॅमेऱ्याच्या जवळची ओळ स्पष्ट आली तर फिल्म काचेपेक्षा मागे बसते आहे. काचेखाली पट्टी घालून ती मागे न्या. दूरची ओळ स्पष्ट आली तर एक पट्टी काढा. मग पुन्हा वर्तमानपत्र.